आपल्या पोरीवर प्रयोग?

खालाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "तू इंजिनिअर आहेस, इंग्रजी वाचतोस. हॉस्पिटलवाल्यांनी वीस-बावीस पानं दिलीत, सही मागतायत. माझ्या पोरीवर प्रयोग करायचाय म्हणे. रविवारी ये."

पोरगी म्हणजे माझी मावसबहीण. वय चोवीस. तिला ताकायासू आर्टेरायटिस आहे. हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखा सुजतात, त्यांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होत जाते. हातात रक्त कमी पोहोचलं की मनगटाची नाडी लागत नाही. आजार दुर्मीळ आहे आणि तो बहुतेक चाळिशीच्या आतल्या मुली-बायकांनाच गाठतो. आमच्या घरात तो ओळखायला वर्ष गेलं. थकवा आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, हात दुखतो म्हणून मलम झालं, "लग्नाचं टेन्शन असेल" हेही ऐकून झालं. डाव्या हाताला लावलं की रक्तदाबाचं मशीन एरर दाखवायचं, तेव्हा मशीन बिघडलंय असं समजून पट्टा उजव्या हाताला बांधायचे. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून फरक लिहून ठेवावा, हे कुणाला सुचलंच नाही.

आता ती स्टेरॉइडवर आहे. सूज उतरते, पण चेहरा फुगलाय, साखर वाढलीय आणि हाडांची काळजी लागलीय. डोस कमी केला की आजार परत उसळतो. नवी औषधं हवीत ती यासाठी, आणि म्हणूनच ती वीस-बावीस पानं.

1908 साली जपानच्या मिकितो ताकायासू या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका एकवीस वर्षांच्या तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्यांचं वर्णन केलं. आजाराला नाव तिथून मिळालं. पण त्यावरच्या एखाद्या औषधाची रीतसर तुलना करणारी चाचणी व्हायला शंभरहून अधिक वर्षं लागली. कारण साधं आहे: रुग्णच सापडत नाहीत. आमच्या धंद्यात बटणाचा रंग बदलायचा तरी हजारो लोकांवर दोन पर्याय तपासून बघतात. इथे अमेरिकेत अ‍ॅबाटासेप्ट या औषधाची चाचणी झाली, तिचा निकाल 2017 मध्ये आला. 34 रुग्ण आले, त्यातल्या 26 जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. औषध उपयोगी ठरलं नाही. हा निकाल मला यशाइतकाच मोलाचा वाटतो. त्या 26 जणांमुळे पुढच्या रुग्णांचे महागडे आणि निरुपयोगी डोस वाचले.

जपानमध्ये टोसिलिझुमॅबची चाचणी झाली. 36 रुग्ण, अठरा-अठराचे दोन गट. एका गटाला दर आठवड्याला औषधाचं इंजेक्शन, दुसऱ्याला तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं. दोन्ही गटांचं स्टेरॉइड हळूहळू कमी करत नेलं. औषधाच्या गटात 8 जणांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात 11 जणांचा. फरक दिसतोय, पण तो योगायोग नाही हे ठरवणारी जी रेषा आधी आखली होती, ती थोडक्यात हुकली. तरीही इतर काही दुवे बघून जपानने 2017 मध्ये या आजारासाठी औषधाला मान्यता दिली. दोन-चार रुग्ण इकडचे तिकडे झाले असते तर हिशेबच बदलला असता. एकेका माणसाचं वजन इतकं असतं.

आणि ते सगळे जपानचे. आपल्याकडे क्षयरोगाचं प्रमाण जास्त आहे आणि ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. इथल्या मुलीला हे औषध कसं पडेल, याचं उत्तर इथल्या मुलींकडूनच मिळणार.

मात्र खालाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. गरीब, न शिकलेल्या लोकांना नीट न सांगता चाचण्यांत घेतल्याच्या तक्रारी या देशात झाल्या आहेत. 2012 मध्ये त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि त्यानंतरच नियम कडक झाले. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात, आणि चाचणीमुळेच कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू आला तर भरपाई. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. जून 2009 पासून प्रत्येक औषधचाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात करावी लागते. ती मोबाइलवर कुणालाही बघता येते. मी पहिल्यांदा तीच उघडली.

खरं भांडण अकराव्या पानावर झालं. तिथे लिहिलं होतं की प्रत्येक स्त्रीची गर्भधारणा चाचणी होईल आणि चाचणीच्या काळात गर्भ राहू न देण्याची काळजी घ्यावी लागेल. खालाने कागद बाजूला सारला. "माझ्या पोरीचं लग्न झालेलं नाही, हे काय विचारतात?" खालू उठून बाहेर गेले. मला वाटतं, आपल्याकडच्या कितीतरी मुली या एका ओळीपाशी परत फिरत असतील. अट सगळ्या स्त्रियांना सारखी आहे, कारण पोटातल्या बाळाला औषधाने इजा होऊ शकते. त्यात कुणाच्या चारित्र्याची चौकशी नाही. पण हे इंग्रजी फॉर्ममध्ये वाचून कळत नाही, कुणीतरी शेजारी बसून आपल्या भाषेत सांगावं लागतं. फॉर्म मराठीत किंवा उर्दूत मागणं हा हक्क आहे, उपकार नाही. आम्ही मागितला. मराठी आला, आठवड्याने.

रमजानचंही असंच. रोजे धरायचे असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, गोळ्यांच्या वेळा त्यांना विचारूनच बदला. लपवलं तर धोका आपल्याला, आणि नोंदीही खोट्या.

पुढच्या भेटीला आम्ही तिघं गेलो. बोलली तीच. मला औषध मिळेल की नुसतं इंजेक्शन? चिठ्ठीवर अवलंबून, तुम्हालाही कळणार नाही, मलाही. आजार उलटला तर? खरं औषध देऊ, हे फॉर्ममध्ये लिहिलंय. फायदा झाला आणि चाचणी संपली तर? इथे डॉक्टर थांबले. नियमांत तरतूद आहे, पण ते आपोआप होत नाही. दुसरा उपाय नसावा लागतो, माझी शिफारस आणि एथिक्स कमिटीची मान्यता लागते. "मग कंपनीचं म्हणणं मला लेखी द्या," ती म्हणाली. त्यांनी गुरुवारपर्यंतची मुदत मागितली.

फॉर्म अजून खालाच्या कपाटात आहे, सहीविना. निघताना खालाने दारात थांबून स्वतःचा एकच प्रश्न विचारला: दर वेळी दोन्ही हातांचा रक्तदाब बघणार ना?

डॉक्टर म्हणाले, हो, दर वेळी.