बंदी आणि गर्दी यांच्या मधली वाट

तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 रोजी वणवा पेटला, तेव्हा चेन्नई, तिरुपूर आणि इरोड परिसरातून पदभ्रमणासाठी आलेले दोन गट त्या उतारावर होते. मार्च महिना, वाळलेले उंच गवत, अंगावर येणारा चढ आणि वारा. अशा ठिकाणी आग माणसापेक्षा वेगाने धावते, हे डोंगरात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. शहरातून शनिवार-रविवारसाठी आलेल्या तरुणांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वीसहून अधिक जीव गेले. त्यानंतर जे घडले ते आपल्याकडच्या नेहमीच्या क्रमानेच घडले. एका वनक्षेत्रपालाचे निलंबन झाले, आयोजकांवर गुन्हा दाखल झाला, चौकशी समिती नेमली गेली आणि डोंगरवाटा बंद झाल्या.

हा क्रम आता देशभर ओळखीचा झाला आहे. आधी कोणी मोजत नाही, इतकी माणसे रानात, डोंगरात, धबधब्याखाली लोटतात. मग एक दिवस अपघात होतो किंवा गर्दीचे एखादे छायाचित्र गाजते. लगेच बंदीचा आदेश निघतो. काही महिन्यांनी आदेशाची शाई वाळते आणि गर्दी पुन्हा पहिल्या जागी येते. जानेवारी 2024 मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या जोडसुट्टीत कर्नाटकातील कुमार पर्वताच्या वाटेवर माणसांची रांग लागली, तेव्हा राज्य सरकारने ऑनलाइन नोंदणीची सोय नसलेल्या डोंगरवाटांवरील पदभ्रमण थांबवले. त्याच वर्षी जूनच्या आरंभी कर्नाटकातूनच गेलेल्या 22 जणांच्या गटाला उत्तराखंडमधील सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळाने गाठले आणि नऊ जण मृत्युमुखी पडले. उरलेल्या तेरा जणांना वाचवण्यासाठी हवाई दल आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दल यांना धावावे लागले. महिनाअखेरीस, 30 जूनला, लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. आणि दुसऱ्याच दिवसापासून जिल्ह्यातील पर्यटनस्थळांवर निर्बंधांची चर्चा सुरू झाली.

या घटना एकमेकींपासून दूरच्या आहेत. कोणी वणव्यात सापडले, कोणी थंडीत, कोणी पाण्यात. सहस्रतालला गेलेल्यांपैकी अनेक जण अनुभवी होते. भुशीला गेलेले सहलीसाठी आलेले कुटुंब होते. तरीही तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच उभा राहतो. निसर्गात रमण्याची इच्छा असलेल्या नागरिकाशी शासनाचे नाते नेमके काय आहे?

कायद्याच्या भाषेत उत्तर शोधले तर ते मोठे बोलके आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम 27 अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध घालते. कलम 28 परवाना कोणत्या कारणांसाठी देता येईल ते सांगते. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन यांच्याबरोबर त्या यादीत पर्यटनही आहे. राष्ट्रीय उद्यानांनाही याच तरतुदी लागू होतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने रानात शिरणारा नागरिक मुळात आगंतुक आहे. परवाना मिळाला की तो ग्राहक होतो. आगंतुकाला हाकलायचे असते आणि ग्राहकाकडून शुल्क घ्यायचे असते. रानाच्या राखणीत त्याचाही वाटा असू शकतो, त्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची तरी आहे, हा विचार या दोन भूमिकांच्या मधल्या फटीत हरवून गेला आहे. प्रवेशपत्रावर शुल्काची रक्कम ठळक अक्षरांत असते. वाटेवर पाणी कोठे मिळेल, भ्रमणध्वनीचा संपर्क कोठे तुटतो, हवामान बिघडल्यास कोणत्या टप्प्यावरून मागे फिरावे, हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते.

राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या नावात काहीही असले, तरी त्यांचा कारभार राज्यांच्या वन विभागांकडे असतो. त्यामुळे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आणि त्याची अंमलबजावणी त्याहून वेगळी. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने 2018 मध्ये साहसी पर्यटनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महाराष्ट्राने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले. कागद चांगले आहेत. परंतु मार्गदर्शक तत्त्वांना दंडाचे बळ नसते, आणि समाजमाध्यमावर जाहिरात टाकून साठ-सत्तर जणांना एका बसने डोंगराच्या पायथ्याशी आणणारा हौशी आयोजक कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही.

व्याघ्र प्रकल्पांत नियम अधिक काटेकोर आहेत, असे मानले जाते. तेथेही ही काटेकोर शिस्त बहुतांशी न्यायालयांनी बाहेरून आणलेली आहे. जुलै 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन तात्पुरते थांबवले होते. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले ते राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे, आणि गाभा क्षेत्राच्या कमाल 20 टक्के भागापुरते. मार्च 2024 मध्ये कॉर्बेटमधील पाखरो सफारीच्या प्रकरणात याच न्यायालयाने निसर्गसंपत्ती ही शासनाकडे जनतेची ठेव म्हणून आहे, या तत्त्वाचा आधार घेऊन बेकायदा वृक्षतोड आणि बांधकामाबद्दल कठोर शब्दांत कानउघाडणी केली. तरीही 31 डिसेंबर 2024 रोजी नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चालक आणि वाटाडे निलंबित झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. येथे एक गोष्ट निसटून जाते. त्या जिप्सींमध्ये बसलेल्या पर्यटकांनी ‘गाडी मागे घ्या’ असे म्हटले असते, तर चालकाने ती घेतली असती. वाघ जवळून दाखवला तर बक्षिशी, नाही दाखवला तर नाराजी, हा व्यवहार पर्यटकानेच घडवला आहे.

पर्यटकाची उतावीळ केवळ प्राण्यांच्याच मुळावर येते असे नाही. केरळातील थेक्कडीच्या जलाशयात 30 सप्टेंबर 2009 रोजी पर्यटकांनी भरलेली बोट उलटून 45 जण बुडाले. काठावरचे प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकले आणि बोट कलंडली, असे तेव्हाच्या वृत्तांतून पुढे आले होते. जीवरक्षक जाकिटे अंगावर असती, तर त्यांतील किती जण वाचले असते, हा प्रश्न आजही अस्वस्थ करतो. सुरक्षितता आणि जबाबदारी ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत, हे या अपघातातून दिसते. जी अधीरता प्राण्याला त्रास देते, तीच माणसाचाही जीव घेते.

मग उपाय काय? सगळे बंद करणे हा निश्चितच नाही. बंदीमुळे प्रामाणिक माणूस घरी बसतो आणि बेफिकीर माणूस आडवाटेने जातो. आडवाटेने गेलेल्याची कोठेच नोंद नसते, म्हणून तो हरवला तरी कोणाला कळत नाही. शिवाय उघड्यावरचा मोकळा श्वास ही केवळ श्रीमंतांची चैन नव्हे. ज्या शहरांत मुलांना धावायला मैदान उरलेले नाही, तेथील पिढी रानात गेलीच नाही, तर पुढे रान वाचवण्यासाठी कोण उभे राहील?

मधली वाट आहे आणि काही ठिकाणी ती चोखाळलीही जात आहे. कुरंगणीनंतर तमिळनाडूने वनक्षेत्रातील पदभ्रमणासाठी नियम केले आणि 2024 मध्ये 40 ठरावीक वाटांची, ऑनलाइन नोंदणीची आणि स्थानिक वाटाड्यांची योजना सुरू केली. कर्नाटकानेही बंदीनंतर नोंदणीची एकत्रित व्यवस्था उभारून डोंगरवाटांवरील रोजची संख्या मर्यादित केली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने उटी आणि कोडैकानल येथे मे 2024 पासून वाहनांसाठी ई-पास आला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्यालांवर, म्हणजे हिमालयातील उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली होती. तंबू, खुंट्या आणि कचरा यांनी सोललेली ती कुरणे पुन्हा भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. या साऱ्या उपायांत संख्येला महत्त्व आहे. पण केवळ संख्या मोजणे पुरेसे नाही. नोंदणीच्या त्याच पडद्यावर आगीचा आणि पावसाचा इशारा हवा, धोक्याच्या दिवशी नोंदणी आपोआप थांबायला हवी, आणि गट ठरल्या वेळी परतला नाही तर कोणाला तरी ते त्याच संध्याकाळी कळायला हवे.

याहून मोठा धडा स्थानिक समाजांकडून मिळतो. केरळातील पेरियार येथे एकेकाळी रानातून दालचिनीची साल चोरून काढणारी माणसे पर्यावरण-विकास प्रकल्पात सामील झाली आणि आज तीच पर्यटकांना रानवाटा दाखवतात व गस्तही घालतात. नंदादेवीच्या परिसरातील लाता गावाची कथा याच्या उलट बाजूने सुरू होते. 1980 च्या दशकाच्या आरंभी ते क्षेत्र गिर्यारोहकांसाठी बंद झाले आणि ‘चिपको’च्या भूमीतील या लोकांची चराई गेली, भारवाहकाचे काम गेले. कचरा टाकला बाहेरून आलेल्या मोहिमांनी, शिक्षा झाली गावाला. अखेर 2001 मध्ये लाताच्या ग्रामसभेने आपल्या खोऱ्यात पर्यटन कसे असावे, याचा जाहीरनामाच मांडला. नागालँड-मणिपूर सीमेवरच्या झुकू खोऱ्यात डिसेंबर 2020 च्या अखेरीस वणवा भडकला, तेव्हा सर्वांत आधी धावून गेले ते दक्षिण अंगामी गावांतील तरुण. ज्याचे रान आहे तो ते राखतो, एवढे साधे सूत्र यामागे आहे.

आपल्या हौसेची किंमत कोण मोजतो, हेही एकदा पाहायला हवे. जून 2024 मध्ये अल्मोड्याच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवताना वन विभागाचे चार कर्मचारी जागीच मरण पावले. उन्हाळ्यात जाळरेषा काढणारा, रात्री हरवलेल्या पर्यटकाला शोधायला जाणारा वनमजूर बहुधा तुटपुंज्या वेतनावर आणि पायात धड बूट नसताना हे काम करतो. प्रवेशशुल्काचा किती वाटा त्याच्या साधनांवर आणि बचावपथकावर खर्च होतो, हे प्रत्येक राज्याने दरवर्षी जाहीर करावे. ही मागणी फार मोठी नाही.

पर्यटकाकडून अपेक्षाही मोठ्या नाहीत. नोंदणी करूनच जावे आणि परतीची वेळ घरी सांगून जावे. उन्हाळ्यात रानात विस्तव पेटवू नये. पावसाळ्यात वाहत्या प्रवाहाच्या मध्यभागी उभे राहू नये, कारण वर डोंगरात पडलेला पाऊस खाली दिसत नाही. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर आणखी चढू नये. नेलेले सारे परत आणावे. आणि वाटाड्याने ‘मागे फिरा’ म्हटले की मागे फिरावे.

हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. रजा काढलेली असते, पैसे भरलेले असतात, शिखर समोर दिसत असते. पण रानात माणूस पाहुणा असतो, आणि आल्या पावली परत जाण्याची तयारी पाहुण्याने ठेवायची असते. शासनाने आपल्याला आगंतुक मानू नये असे वाटत असेल, तर नागरिकालाही ग्राहकाची ऐट उतरवून ठेवावी लागेल. एरवी पुढच्या अपघाताची, पुढच्या निलंबनाची आणि पुढच्या बंदीची वाट पाहणे एवढेच आपल्या हाती उरते.