पदविका की पदवी? प्रश्न एकट्या मुलीचा नाही

बारावीचे निकाल लागले की आपल्या कितीतरी कार्यकर्त्यांच्या घरी एकच चर्चा सुरू होते. मुलीने परिचारिका व्हायचे ठरविले आहे. पण जीएनएमची तीन वर्षांची पदविका घ्यावी, की बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षांची पदवी? बडोदे असो, इंदूर असो, बेळगाव असो की हैदराबाद, प्रश्न तोच असतो आणि तो सुटतो कर्ज किती काढता येईल या एका हिशेबावर. वस्तुतः या हिशेबातील आकडे राज्यकर्त्यांनी आणि खाजगी शिक्षणसम्राटांनी आधीच मांडून ठेवलेले असतात. म्हणूनच हा घरगुती वाटणारा प्रश्न पक्षाच्या पत्रात चर्चेला घेणे अगत्याचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात. जीएनएमला कोणत्याही शाखेची विद्यार्थिनी जाऊ शकते. म्हणजे ज्या गावातील कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखाच नाही, तेथील शेतमजुराच्या मुलीची निवड अकरावीतच होऊन गेलेली असते! पुढे परीक्षा मंडळाची असो वा विद्यापीठाची, ती उत्तीर्ण झाल्यावर दोघींचीही नोंद राज्य परिषदेकडे परिचारिका व प्रसाविका म्हणून होते. भारतात शिकलेल्यांना या नोंदणीसाठी वेगळी परवाना परीक्षा आजवर द्यावी लागलेली नाही. दोघी एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, त्याच रुग्णाला तेच सलाईन लावतात. दोन वर्षांच्या एएनएम अभ्यासक्रमाची नोंद मात्र वेगळी होते. ती वाट प्रामुख्याने उपकेंद्राकडे जाते आणि घाईने ती निवडणाऱ्या मुलींना हे बहुधा कोणी सांगत नाही.

मग फरक पडतो कोठे? तो नोकरीच्या दारात पडतो. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांतील नर्सिंग ऑफिसरच्या जागांसाठी २०२० पासून नॉर्सेट ही सामाईक भरती परीक्षा घेण्यात येऊ लागली. पदवीधर मुलगी नोंदणी होताच या परीक्षेला बसू शकते. पदविकाधारक मुलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांच्या अनुभवाची अट घालण्यात आली. ही दोन वर्षे तिने काढावयाची कोठे? बहुतांशी खाजगी रुग्णालयात, आणि मालक देईल त्या पगारावर! अनुभवाच्या दाखल्यासाठी ती मालकाच्या सहीवर अवलंबून असते; म्हणून ती जादा पाळीला नकार देऊ शकत नाही, युनियनमध्ये येण्यास कचरते. पदविकेच्या एका वर्षाच्या बचतीची किंमत अशी स्वस्त श्रमशक्तीच्या रूपाने वसूल केली जाते. पदवीची दारे तिला नंतर उघडी आहेत हे खरे. पण पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला आणखी दोन वर्षे लागतात. संपन्न घरातील मुलगी जी पदवी चार वर्षांत घेते, तीच कष्टकऱ्याच्या मुलीला पाच वर्षांत आणि दोन वर्षांची कमाई सोडून घ्यावी लागते.

हा भेद काही निसर्गनियम नाही. १९४६ च्या भोर समितीने देशात अवघ्या सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकसंख्येमागे एक, असे भीषण चित्र मांडले होते. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. सार्वजनिक खर्चाने या दोन वाटा एका शिडीत जोडण्यास स्वतंत्र भारतापाशी पुरेसा अवधी होता. पण शिक्षणाचा मोठा भाग खाजगी संस्थांच्या हाती सोपविला गेला, आणि पदवी ही फीच्या दराने विकली जाणारी वस्तू झाली.

खाजगी रुग्णालयांतील पिळवणुकीविरुद्ध परिचारिका लढल्याच नाहीत असे नाही. २०११-१२ साली केरळातील संपांनी हा प्रश्न देशापुढे आणला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत दिलेल्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने शिफारस केली की, ५० खाटांहून लहान रुग्णालयातही वेतन २०,००० रुपयांहून कमी असू नये आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते सरकारी परिचारिकेइतके असावे. केरळ सरकारने २०१८ साली २०,००० रुपयांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. ती शिफारशीच्या पुण्याईने निघाली नाही. तिच्यामागे संघटित परिचारिकांचा रेटा होता. इतर राज्यांतील आपल्या कार्यकर्त्यांनी यातून बोध घ्यावयाचा आहे. २२ मार्च २०२० रोजी ज्यांच्यासाठी थाळ्या वाजविण्यात आल्या, त्यांच्या वेतनाचा विषय निघताच थाळ्या वाजविणारे हात खिशात गेले!

देशातील दारे अशी अरुंद असल्यामुळेच परदेशच्या परवाना परीक्षांचा बाजार भरतो. अमेरिकेत एनक्लेक्स, ब्रिटनमध्ये आधी संगणकावरील चाचणी व मग प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा, आणि सोबत इंग्रजीची कसोटी. शिकवणीवाले याचे भय दाखवून पैसा उकळतात. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: खुद्द अमेरिकेत दोन वर्षांची असोशिएट पदवी आणि चार वर्षांची पूर्ण पदवी घेतलेल्या दोघीही नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी हीच एक परीक्षा देतात. एप्रिल २०२३ पासून तिचे स्वरूप बदलले असून रुग्णाची लक्षणे पाहून निर्णय कसा घ्याल यावर अधिक भर आहे. चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे धावाल, कोणता डोस द्यावयाचे थांबवाल, डॉक्टरला केव्हा बोलवाल, याची उत्तरे पाठांतराने येत नाहीत. ती वॉर्डातील डोळस कामातून आणि सामूहिक अभ्यासातून येतात. परदेशी जाणाऱ्या मुलीला दोष देण्याचे आपल्याला कारण नाही. आक्षेप आहे तो, येथील कुटुंबांच्या कर्जावर तयार झालेली परिचारिका श्रीमंत राष्ट्रांना आयती मिळावी आणि आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे रिकामी राहावीत, या व्यवस्थेला.

काही साथी म्हणतील, पदविका बंदच करावी, म्हणजे भेद संपेल. हा विचार वरकरणी पुरोगामी, पण परिणामी घातक आहे. सार्वजनिक जागा न वाढविता पदविका बंद केली तर गरीब मुलींसाठी या व्यवसायाचे दारच बंद होईल. केंद्र सरकारने २०२३ साली १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये जाहीर केली. त्यांत पदविकाधारकांसाठी पगारी रजेसह पोस्ट बेसिकच्या जागा ठेवा, नोकरीतील अनुभवाची विषम अट काढा, ही आपली मागणी असली पाहिजे. १९४७ च्या कायद्याने स्थापिलेल्या परिषदेत परिचारिकांनी निवडून दिलेल्या सदस्यांना स्थान होते. त्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ साली मंजूर केलेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाच्या कायद्यात भर केंद्राने नेमलेल्या सदस्यांवर आहे. परीक्षा आणि अर्हता कोणी ठरवाव्यात, हा लोकशाहीचा प्रश्न आहे.

तोवर घरी विचारणाऱ्या मुलीला काय सांगावे? विज्ञान शाखा असेल आणि सरकारी महाविद्यालयात जागा मिळत असेल तर पदवीच घ्यावी. खाजगी पदवीसाठी घर गहाण पडणार असेल, तर सरकारी रुग्णालयाशी संलग्न शाळेतील जीएनएम हा कमीपणाचा मार्ग नव्हे. प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता राज्य परिषदेकडून खात्री करून घ्यावी आणि शिक्षणासाठी खरोखर किती खाटांचे रुग्णालय आहे ते डोळ्यांनी पाहावे. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही मालकाच्या ताब्यात देऊ नयेत; दुसऱ्या राज्यात नोंदणी बदलताना, परदेशी अर्ज करताना त्यांचीच गरज पडते. आखातासह १८ देशांतील परिचारिका-भरती २०१५ साली सरकारी संस्थांमार्फत करण्याचे बंधन घालण्यात आले ते दलालांच्या लुटीमुळेच, हे विसरू नये.

आणि शाखांनी काय करावे? परिचारिकांच्या पाळ्या सांभाळून वसतिगृहांजवळ अभ्यासवर्ग चालवावेत. ज्येष्ठ परिचारिका-साथींनी नॉर्सेट आणि परवाना परीक्षांची तयारी तेथे विनामूल्य करून घ्यावी. अभ्यासासाठी एकत्र आलेल्या मुली पगारपत्रकेही एकमेकींना दाखवू लागतात, आणि संघटनेची सुरुवात बहुधा तेथूनच होते.