पाणी शुद्ध, पण पाइपाचे काय?

घराचे बांधकाम काढले की सिमेंट कोणते, सळई किती जाडीची, फरशी कोठून आणायची याची मालक दहा ठिकाणी चौकशी करतो. पाण्याच्या पाइपांचा विषय निघाला की मात्र ‘प्लंबर आणील ते’ म्हणून मोकळा होतो. पाइप एकदा भिंतीत गेला की वर्षानुवर्षे कोणी त्याचे तोंड पाहत नाही, आणि पिण्याचे पाणी मात्र रोज त्यातूनच येते.

माझ्या दवाखान्यात पाण्याबद्दल विचारणारे बरेच येतात. उकळावे का, तुरटी फिरवावी का, असे प्रश्न असतात. कावीळ, टायफॉइड, जुलाब यांची भीती रास्तच आहे. पण पाइप कोणता घातला, हे आजवर मला कोणी आपण होऊन सांगितलेले नाही. जंतू उकळल्याने मरतात. शिसे मात्र उकळल्याने जात नाही. पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते.

हे शिसे येते कोठून? पीव्हीसी पाइप बनविताना तो उष्णतेने बिघडू नये म्हणून शिशाची संयुगे घालण्याची पद्धत होती. पितळेची तोटी किंवा जोड यंत्रावर सुबक कापला जावा म्हणून पितळात थोडे शिसे मिसळतात. रात्रभर पाणी पाइपात साचून राहिले की ते त्यात उतरू शकते. रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे असू नये. ते डोळ्यांनी कोण ओळखणार?

सर्वांत मोठा धोका लहान मुलांना. पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या तुलनेत मुलांच्या शरीरात चार-पाच पट शोषले जाते. अंगात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. त्याने मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, मूल अभ्यासात मागे पडते, आणि घरचे ‘लक्षच देत नाही’ म्हणून त्यालाच रागावतात. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही.

परदेशातील एक उदाहरण बोलके आहे. ऑस्ट्रेलियात ‘वॉटरमार्क’ प्रमाणपत्राची अट असलेले नळसामान ते प्रमाणपत्र नसेल तर बसविता येत नाही. तरीही पर्थ येथील मुलांच्या नव्या कोऱ्या रुग्णालयातील पाण्यात २०१६ साली जादा शिसे आढळले. संशय मुख्यतः पितळी जोडांवर आला, आणि रुग्णालय मे २०१८ मध्ये उघडले. तेव्हाच्या मानकात पितळात बरेच शिसे चालत होते. पुढे २०२२ च्या बांधकाम संहितेत पिण्याच्या पाण्याच्या अशा सामानात ०.२५ टक्क्यांहून अधिक शिसे नको, अशी अट घातली गेली. म्हणजे नुसता शिक्का पुरेसा नाही. त्यामागचे मानकही कडक हवे.

आपल्याकडे पेट्रोलमधील शिसे २००० साली गेले. घरगुती रंगांना २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली. पीव्हीसी पाइपांतून शिसे हटविण्याचे नियम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये काढले. हे चांगलेच झाले. पण ते नियम पीव्हीसीपुरते. पितळी तोट्या त्यात येत नाहीत. शिवाय नियम दिल्लीत निघाला म्हणून तालुक्याच्या दुकानातील माल आपोआप बदलत नाही.

सक्ती केली तर सामान महागेल, असे काही जण म्हणतील. थोडेफार महागेलही. पण घराच्या एकूण खर्चात पाइपांचा वाटा तो कितीसा? औषध आपण पारखू शकत नाही, म्हणून त्याला परवाना लागतो. पाइपाचेही तेच आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पिण्याच्या पाण्याचे पाइप, जोड आणि तोट्या या सर्वांना प्रमाणपत्र सक्तीचे असावे, आणि नगरपालिकेने घराचे भोगवटा प्रमाणपत्र देताना या सामानाची पावती मागावी.

तोवर वाचकांनी एवढे तरी करावे. पाइपावर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपासाठी आयएस ४९८५ आणि सीपीव्हीसीसाठी आयएस १५७७८ हे क्रमांक आहेत. परवाना खरा की खोटा, हे ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर कळते. सांडपाण्याचा किंवा विजेच्या तारांचा पाइप पिण्याच्या पाण्याला कधीही वापरू देऊ नये. दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे. सकाळचे पहिले पाणी झाडांना घालावे. गिझरचे गरम पाणी स्वयंपाकाला घेऊ नये.

भिंतीला गिलावा होण्यापूर्वी एकदा स्वतः जाऊन पाइपावरची अक्षरे वाचा. गिलावा झाल्यावर ती वाचता येत नाहीत.