ठेव दहा मिनिटांत, कर्जाला हेलपाटे



कापसाज्वारीचे चार पैसे हाती आले की मोबाईलमधली बँक ठेव मागायला हजर. दहा मिनिटांत खाते, ना रांग ना साहेबाची मर्जी. सोय चांगली आहे. नव्या तंत्राला आमचा विरोध नाही. पण पैसा ठेवण्याआधी दोन प्रश्न विचारू.

पहिला, पैसा नेमका कोणाकडे? पडद्यावरचे नाव कित्येकदा नुसत्या मध्यस्थ कंपनीचे असते, खाते दुसऱ्याच बँकेत. रिझर्व्ह बँकेचा परवाना कोणाकडे, ते आधी पाहावे. परवानाही कायमचा नसतो. इथल्याच, कोल्हापूरच्या सुभद्रा लोकल एरिया बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला. बँक बुडाली तर ठेव विमा एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंतच, तोही व्याज धरून. पतसंस्थेतल्या ठेवीला तेवढाही नाही.

दुसरा, कर्ज कोण देणार? पेमेंट बँका खात्यात २ लाखांपर्यंत रक्कम ठेवून घेतात. कर्ज देण्याची त्यांना परवानगीच नाही. मृग जवळ आला की सातबारा, आठ-अ, बेबाकीचा दाखला घेऊन शाखेचे उंबरे झिजवायचे आपणच. कोरडवाहू रानातली बचत शहरात जायला दहा मिनिटे, परत यायला महिने!

आमची मागणी साधी आहे. ज्या वेगाने ठेव घेता, त्याच वेगाने पीककर्ज द्या. ठेवीला आम्ही चालतो, तर कर्जालाही चाललो पाहिजे.