वरिष्ठाला ‘नाही’ म्हणायची सोय

“आधी पोट भरू द्या, विचारस्वातंत्र्य वगैरे नंतर बघू.” हा युक्तिवाद दर दोन-चार दिवसांनी कुठल्या तरी चर्चेत भेटतोच. विज्ञानाचा विषय निघाला की जरा जास्तच. देशाला जे हवंय ते शास्त्रज्ञांनी शोधून द्यावं, उगाच फाटे फोडू नयेत! ऐकायला बरं वाटतं. पण हा प्रयोग एका अवाढव्य देशाने करून झालाय, आणि तोही नेमका पोटाच्याच बाबतीत.

१९३० च्या दशकातला सोव्हिएत रशिया. शेतीच्या सक्तीच्या सामूहिकीकरणानंतर १९३२-३३ साली लाखो माणसं उपासमारीने मेली होती. सरकारला गव्हाचं उत्पादन वाढवायचं होतं, तेही ताबडतोब. निकोलाय वाविलोव्ह हे तिथले सर्वात मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. कुठलं पीक मूळ कुठलं, याचा शोध घेत त्यांनी जगभर फिरून बियाण्यांचा प्रचंड संग्रह लेनिनग्राडला उभा केला. (आपला भात, वांगं, आंबा यांची मुळं भारतीय केंद्रात दाखवणारे तेच.) नवं वाण पक्कं व्हायला दहा-बारा वर्षं लागतात, हे त्यांचं प्रामाणिक उत्तर. त्रोफिम लिसेंको म्हणाले, निम्म्याहून कमी वेळात करून देतो. सरकारला कोण आवडणार, हे सांगायला नकोच.

लिसेंको बी भिजवून, थंडीत ठेवून मग पेरायला सांगत. थंडीचा बियाण्यावर परिणाम होतो हे खरंच आहे, ते त्यांच्या आधीपासून माहीत होतं. प्रश्न होता त्याने देशाचं उत्पादन वाढतं का हा. त्यासाठी शेजारीशेजारी दोन वाफे, एकात भिजवलेलं बी, एकात साधं, आणि काही वर्षांच्या नोंदी, एवढंच लागतं. लिसेंकोंनी त्याऐवजी सामूहिक शेतांकडे प्रश्नावल्या पाठवल्या. आता विचार करा. स्टालिनने १९३५ साली भर सभेत ज्याला शाबासकी दिली, त्या माणसाच्या पद्धतीने पीक वाढलं नाही, असं कुठला शेतप्रमुख लिहून देईल? सरकारी योजनेचा अहवाल कधी भरून पाठवला असेल, तर तुम्हाला हे कळायला वेळ लागणार नाही.

मला वाटतं खरी मेख इथे आहे. आपण विचारस्वातंत्र्य म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर भाषणं, लेख, मोर्चे येतात. पण ज्या दिवशी ‘नाही’ म्हणणं धोक्याचं झालं, त्या दिवशी शेतातला आकडाच खोटा झाला. मग पुढे कितीही हुशार माणूस बसवा, त्याच्या हातात खोटाच आकडा येणार.

वाविलोव्ह ‘नाही’ म्हणत राहिले. ऑगस्ट १९४० मध्ये बियाणं गोळा करायला गेलेले असतानाच त्यांना अटक झाली. आधी मृत्युदंड, मग तो बदलून वीस वर्षांची शिक्षा. जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात ते कुपोषणाने गेले. भुकेवर आयुष्य घालवलेला माणूस! १९४८ च्या ऑगस्टमध्ये लिसेंकोंनी भर परिषदेत जाहीर केलं की त्यांचा अहवाल पक्षाच्या केंद्रीय समितीने मंजूर केलाय. संपला विषय. जनुकशास्त्र शिकवणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, पाठ्यपुस्तकं बदलली. पाचच वर्षांनी, १९५३ साली, केंब्रिजमध्ये डीएनएची रचना उलगडली.

आता कुणीतरी खाली लिहिणारच: मग त्याच रशियाने अणुबॉम्ब कसा केला, स्पुटनिक कसा सोडला? प्रश्न रास्त आहे. १९४९ साली भौतिकशास्त्राचीही अशीच ‘शुद्धी’ करायची परिषद ठरली होती. सापेक्षता, क्वांटम सगळं भांडवलशाही ठरवायचं होतं. ती ऐनवेळी रद्द झाली. असं सांगतात की कुर्चातोव यांनी वर कळवलं, हे सिद्धांत टाकले तर बॉम्ब विसरा. ते कारण खरं असो की दंतकथा, भौतिकशास्त्रज्ञांना मोकळीक मिळाली आणि जीवशास्त्रज्ञांना नाही, हे तर उघड आहे. आणि जिथे मोकळीक होती तिथेच काम झालं. बॉम्ब फुटला नाही तर लगेच दिसतं. गहू आला नाही तर पावसावर, किडीवर, ‘घातपात करणाऱ्यांवर’ ढकलता येतं.

जून १९६४ मध्ये लिसेंकोंचे सहकारी नुझदिन यांना विज्ञान अकादमीचं पूर्ण सदस्यत्व द्यायचं घाटत होतं. विरोधात बोलायला उभे राहिलेल्यांत आंद्रेई सखारोव होते, म्हणजे हायड्रोजन बॉम्ब बनवणारा माणूस. मतदान गुप्त होतं. नुझदिन दणकून पडले. पुढच्या वर्षी लिसेंकोंची संचालकपदाची खुर्चीही गेली. वाविलोव्ह जाऊन तोवर बावीस वर्षं झाली होती.