सुटकेची तयारी रजेतच

जन्मठेप भोगलेला बंदी गावी परतला की आपले काम सुरू होते: अर्थसाहाय्याचा अर्ज, शिलाई यंत्र, एखादे प्रशिक्षण. हे सगळे लागतेच; पण गावात तो टिकेल की नाही, हे भलत्याच गोष्टींवर ठरते. 14 वर्षांत त्याच्या वाट्याची जमीन भाऊच कसत आलेला असतो. वडील गेल्यावर वारसनोंद कशी झाली, हे त्याला ठाऊक नसते. रेशनकार्डावरचे नाव कमी झालेले, बँकेचे खाते निष्क्रिय झालेले. आणि ज्या घरातला माणूस गेला, ते घर त्याच आळीत असते. शहरात वस्ती बदलता येते. गावात मात्र पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर गाठ पडायचीच.

यातली एकही अडचण सुटकेच्या दिवशी उपटत नाही. ती आधी पाहण्याची सोय कायद्यातच आहे: संचित रजा आणि अभिवचन रजा. 1959 च्या नियमांनी ती दिली. घरादाराशी आणि समाजाशी नाते टिकावे हाच या रजांचा एक मुख्य हेतू, असे सर्वोच्च न्यायालयाने अश्फाक विरुद्ध राजस्थान राज्य (2017) या निकालात सांगितले. तरीही रजा हा विषय आपण पोलीस ठाणे, जामीनदार आणि हजेरी यांच्यावर सोडून दिला आहे.

‘गावाचा विरोध आहे’ एवढ्या एका ओळीवर अर्ज अडतो. गाव म्हणजे नेमके कोण? कधी जमीन हातची जाईल म्हणून धास्तावलेली भावकी, तर कधी खरोखरच घाबरलेले पीडित कुटुंब. पहिल्या ठिकाणी सातबारा पुढे ठेवून बोलावे लागते, दुसऱ्या ठिकाणी आधी ऐकून घ्यावे लागते. दोन्हींवर एकच शेरा मारला की दोन्ही प्रश्न तसेच राहतात.

म्हणून परिविक्षा अधिकारी आणि संस्थांचे कार्यकर्ते यांनी पहिली गृहभेट रजेच्या अर्जाबरोबरच करावी. बंद्याच्या घरी जावे, पोलीस पाटील आणि सरपंचांना भेटावे, पीडित कुटुंबाची तयारी असेल तर त्यांच्याकडेही जावे. तिथे बंद्याच्या वतीने माफी मागू नये, समेटाचा आग्रह तर नकोच. त्यांना कशाची भीती वाटते, त्याने कोणत्या वाटेने जाऊ नये, कोणत्या दिवशी गावात असू नये, एवढे विचारावे. अशा अपेक्षा रजेच्या अटींत उतरवता येतात. रजेच्या दिवसांत तलाठी कार्यालय, रेशन दुकान, बँक आणि आधार केंद्र एवढ्या चार ठिकाणी त्याच्याबरोबर जावे. काय अडले याची नोंद पुढच्या रजेपर्यंत जपून ठेवावी. बाईच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आधीच विचारावा: ती सासरी जाणार की माहेरी? दोन्ही दारे बंद असतील, तर ते सुटकेच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही.

कुटुंबाला शिक्षेच्या काळातच सामील करून घेणे आपल्याला नवे नाही. औंध संस्थानाच्या काळात आटपाडीजवळ उभी राहिलेली स्वतंत्रपूर वसाहत त्याच विचारातली: बंद्याने बायकामुलांसह राहायचे आणि शेती कसायची. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 2022 मध्ये येरवड्यात सुरू केलेली ‘जिव्हाळा’ कर्जयोजनाही बंदी आत असतानाच त्याच्या घराला हात देते. 50,000 रुपयांपर्यंतच्या त्या कर्जाची फेड तो कारागृहातल्या मजुरीतून करतो. ज्याच्या कमाईवर मुलीची फी भरली गेली, तो घरी परका होऊन परतत नाही.

या मांडणीतून एक मोठा गट सुटतो. 2022 अखेर देशातल्या कारागृहांत दर चार बंद्यांमागे तीन न्यायाधीन होते. त्यांना संचित रजा नाही. जामीन झाला किंवा निर्दोष ठरले, की सुटका अचानक होते आणि अनुरक्षण योजनांच्या कागदावर ते क्वचितच येतात. त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक हाच पहिला दुवा. जामीन अर्जाच्या वेळीच गावाशी संपर्क झाला पाहिजे.

शासनाकडे मागण्या दोनच आहेत. रजेच्या प्रत्येक अर्जाला पोलिसांच्या अहवालाबरोबर परिविक्षा अधिकाऱ्याचा गृहभेट अहवाल सक्तीने जोडावा, आणि त्या भेटीसाठी मनुष्यबळ व प्रवासखर्च द्यावा. तोवर आपापल्या जिल्ह्यात ‘गावाचा विरोध’ म्हणून नाकारलेले अर्ज मागवून घ्या आणि त्यातल्या एका तरी गावात स्वतः जाऊन या.