बंदूक सुधारली, परवाना कधी सुधारणार?

"शस्त्राला जात नसते, ते ज्याच्या हातात त्याचे," हे वाक्य आपल्याकडे फार शहाणपणाने ऐकवले जाते. पण ते कोणाच्या हातात जाणार हे ठरवतो कोण? हा प्रश्न विचारला की हेच शहाणे गप्प बसतात. म्हणून आम्ही आज एका बंदुकीचाच इतिहास वाचकांसमोर मांडत आहोत. बंदूक अमेरिकेतली आहे, पण तिने उभा केलेला प्रश्न आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत येतो.

१८६० साली बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने लिव्हर-ॲक्शन रायफलचे पेटंट घेतले. चापाभोवतीची कडी खाली ढकलून परत वर ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवे काडतूस आत येते. त्या काळी बहुतेक सैनिक नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून मिनिटाला दोन-तीन बार काढत. हेन्रीच्या रायफलमध्ये एकदा भरली की सोळा काडतुसे राहत. ही काडतुसे 'रिमफायर' जातीची होती. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि ती कडा चेचली की बार उडतो. कडा चेचली जावी म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, त्यामुळे दारूचा जोर मर्यादितच राहतो.

या रायफलचे दोष वापरणाऱ्यांना लवकरच कळले. काडतुसांच्या नळकांड्याला खालून उघडी फट होती, तिच्यातून माती-चिखल आत जाई. भरताना नळकांडे पुढच्या टोकाकडून उघडावे लागे. नळीखाली लाकूड नव्हते, त्यामुळे सलग बार काढले की हात भाजे. १८६६ साली नेल्सन किंग याने बाजूला झडप दिली, तिच्यातून एकेक काडतूस आत सरकवता येऊ लागले. नळकांडे बंद झाले, पकडायला लाकूड आले. हीच विंचेस्टर १८६६. पुढे १८७३ च्या मॉडेलमध्ये जास्त जोराचे सेंटरफायर काडतूस आले. रिमफायर आज मुख्यतः .२२ बोअरमध्ये टिकून आहे. मार्लिन ३९-ए सारखी .२२ ची लिव्हर रायफल बाळगणारे अमेरिकन आजही तिचा चाप हलका करून घेतात, नेम धरायच्या खुणा बदलतात, मोठी कडी बसवतात. दोष दिसला की दुरुस्त करायचा, ही या यंत्राची परंपरा आहे.

यंत्र सहा वर्षांत सुधारले. ते बाळगण्याचा हक्क मात्र कसा वागवला गेला ते पाहा.

अमेरिकन यादवी युद्धात इलिनॉयच्या ७ व्या पलटणीतल्या गोऱ्या सैनिकांनी स्वतःच्या पैशाने हेन्री रायफली घेतल्या. किंमत चाळीस डॉलरच्या आसपास. गोऱ्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर होता. काळ्या शिपायाला १० डॉलर लावत आणि त्यातले ३ कपड्यांसाठी कापून हातावर ७ ठेवत. जून १८६४ मध्ये कायदा होईपर्यंत हे चालले. म्हणजे काळ्या शिपायासाठी ही रायफल जवळपास सहा महिन्यांची कमाई होती. गुलामगिरी संपत असतानाच, नोव्हेंबर १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने कायदा केला की सैन्यात नसलेल्या काळ्या माणसाने स्थानिक मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक बाळगू नये. मंडळ कोणाचे? कालच्या मालकांचे!

फ्लोरिडाने १८९३ मध्ये आणखी हुशारी केली. त्या कायद्यात वंशाचा उल्लेखच नव्हता. विंचेस्टर किंवा तशी भराभर बार काढणारी रायफल बाळगायची तर काउंटीचा परवाना घ्या आणि १०० डॉलरचे हमीपत्र द्या, एवढेच. अक्षरे सर्वांना सारखी, फास मात्र एकाच्याच गळ्यात. १९४१ साली त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी निकालपत्रात लिहून ठेवले, की हा कायदा काळ्या मजुरांना निःशस्त्र करण्यासाठीच झाला होता आणि गोऱ्यांना लावण्याचा हेतू कधी नव्हताच. मेम्फिसमध्ये १८९२ साली तीन काळ्या दुकानदार-कामगारांना झुंडीने ठार मारल्यावर आयडा बी. वेल्स या निर्भीड पत्रकार बाईने प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टरला मानाची जागा द्या, असे का लिहिले, हे या पार्श्वभूमीवर कळते. कायदा ज्याला संरक्षण देत नाही त्याने कुठे जायचे, हा तिचा सवाल होता.

आता आपल्याकडे या. ब्रिटिशांनी १८७८ च्या कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. त्यावर राष्ट्रीय नेते संतापले, ते योग्यच होते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून शूद्र-अतिशूद्रांना शस्त्रबंदी होती, त्यावर कोण संतापले? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात नेमके हेच दाखवले, की शस्त्र, शिक्षण आणि संपत्ती नाकारल्यामुळेच खालच्या वर्गांना बंड करता आले नाही. तेच बाबासाहेब डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत उभे राहिले आणि शस्त्र बाळगण्याचा सरसकट मूलभूत हक्क देण्याला त्यांनी विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालणार कसे, असे त्यांचे म्हणणे होते. यात विसंगती शोधणाऱ्यांना आम्ही सांगतो, दोन्ही भूमिका एकाच धाग्यात आहेत. शस्त्रावर राज्याचे नियंत्रण हवे, आणि त्या नियंत्रणाला जात नसावी.

मग कायदा काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये .२२ रायफलचा नावानिशी उल्लेख आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी तिचा परवाना मिळू शकतो. क्लबची वर्गणी आणि काडतुसांचा खर्च कोणाला झेपतो ते सांगायला नको. पण त्याच कायद्याचे कलम १४ म्हणते, की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही आणि नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतील. फ्लोरिडाच्या १०० डॉलरला हे चोख उत्तर आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे १९९५ चे नियम. त्यातला नियम ३ सांगतो, की अत्याचारप्रवण भागात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे परवाने रद्द करून त्यांची शस्त्रे सरकारजमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि जरूर भासल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्यावेत.

वाचकहो, हा नियम तुमच्या गावात कोणी वाचून दाखवला आहे का?

दोष आहे तो 'गरज वाटल्यास' या शब्दांत. गरज कोणाला वाटायची? वस्ती जळाल्यावर पंचनाम्याला येणाऱ्याला, की रात्र जागून काढणाऱ्याला? मिसिसिपीच्या मंडळाची झडप इथेच उघडी आहे आणि तिच्यातूनच माती आत जाते. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नियम ३ खाली किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले आणि का, हे प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी जाहीर करावे. अर्जावर निर्णयाची मुदत पाळावी. आणि ज्या भागात अत्याचार घडला तिथे आधी दंडेलांचे परवाने रद्द व्हावेत, नंतर पीडितांना उपदेश करावा.

आम्ही घरोघरी बंदुका वाटा म्हणत नाही. घरातली बंदूक दारूच्या नशेत, भांडणात, पोरासोरांच्या हाती गेली तर आपल्याच माणसाचा जीव घेते, हे अमेरिका रोज भोगते आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितले, तो आदेश आम्हाला शिरोधार्य आहे. पण परवान्याचा अर्ज हा संविधानाचाच मार्ग आहे. पोलीस वेळेवर आले असते तर अर्जाची वेळच आली नसती. ते येत नाहीत आणि अर्जही पुढे सरकत नाही, तेव्हा सरकारने आम्हाला शांततेचे धडे देऊ नयेत.

हेन्रीच्या बंदुकीतला दोष सहा वर्षांत दुरुस्त झाला, कारण ती वापरणाऱ्याचे कोणीतरी ऐकले. १९९५ च्या नियमाला तीस वर्षे झाली. आता ऐकण्याची पाळी सरकारची आहे, आणि ऐकवण्याची आपली.

जय भीम!